कडू कवठाचे तेल

मे १८७४मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईत वारले. अजिंठ्याचे लेख वाचणारे पंडित, दोनदा मुंबईचे शेरीफ झालेले नागरिक, गरिबांना फुकट औषध देणारे डॉक्टर, अशा अनेक नात्यांनी शहराने त्यांची आठवण ठेवली. त्यांचे एक काम मात्र या थोरवीच्या यादीत मागे पडले. त्या काळी लोक ज्याला रक्तपिती किंवा महारोग म्हणत, त्या कुष्ठरोगावर भाऊ दाजी एका रानझाडाच्या बियांचे तेल देत असत. त्यांच्या हातून गुण येतो अशी ख्याती होती आणि लांबून रोगी त्यांच्याकडे येत. तेल कोणत्या झाडाचे, ते किती आणि किती दिवस द्यायचे, कोणत्या रोग्याला उतार पडला आणि कोणाला नाही, याचा सविस्तर वृत्तांत मात्र त्यांनी छापला नाही. तो छापला गेला असता तर पुढच्या तीस वर्षांत तीन खंडांतल्या डॉक्टरांनी केलेली एक मोठी चूक टळू शकली असती, असे मला वाटते. ती चूक कशी झाली आणि कशी दुरुस्त झाली, त्याची ही हकीकत आहे.

ते झाड म्हणजे कडू कवठ. कोकणात त्याला कवटी असेही म्हणतात, गोव्यात खष्ट. कर्नाटकात आणि केरळातही सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी ते वाढते. पाने बाराही महिने हिरवी असतात. फळ गोल, टणक कवचाचे आणि कवठाएवढे, पण खाण्याजोगे अजिबात नाही. ते ठेचून डोहात टाकले तर मासे गुंगून वर येतात. कवचाच्या आत गरात दहा-वीस कोनदार बिया चिकटून बसलेल्या असतात आणि बियांच्या आतल्या मगजात निम्म्याहून अधिक तेल भरलेले असते. हे तेल पिवळसर, उग्र वासाचे आणि घशाला झोंबणारे असते. थंडीत ते तुपासारखे थिजते. खरूज, नायटा, न भरणारी जखम यांवर कोकणातल्या घरांत ते पिढ्यान् पिढ्या लावले जात होते.

संस्कृत वैद्यकातही या झाडाची ओळख जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन येते आणि आजचे बहुतेक अभ्यासक तुवरक म्हणजे कडू कवठ असेच मानतात. हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यावर, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्यात वाढतो, असे सुश्रुत सांगतो. त्याहून महत्त्वाची आहे ती कृती. फळे पावसाच्या तोंडाशी, पुरी पिकल्यावर गोळा करायची. मगज काढून सुकवायचा, कुटायचा, घाण्यात तेल काढायचे किंवा पाण्यात उकळून वर आलेले तेल घ्यायचे. मग ते तेल पुन्हा आचेवर ठेवून त्यातले पाणी पूर्ण आटवायचे, आणि भांडे पंधरवडाभर सुक्या शेणात पुरून ठेवायचे. त्यानंतरच ते रोग्याला पाजायचे. पाणी आटवण्याची ही एक ओळ पुढे विसाव्या शतकातल्या औषधशास्त्रज्ञांना वेगळ्या भाषेत पुन्हा लिहावी लागली.

भाऊ दाजींचे मूळ गाव गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले मांद्रे, म्हणजे या झाडाच्या मुलखातले. खरे नाव रामचंद्र विठ्ठल लाड. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते तिथेच शिकवू लागले. काठेवाड आणि कच्छमधल्या बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधाला त्यांना बक्षीस मिळाले. १८४५मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा शिक्षकाची नोकरी असलेल्या या तरुणाने पुन्हा विद्यार्थी होण्याचे ठरवले, आणि १८५१मध्ये त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत त्यांचे नाव होते. धाकटे बंधू नारायण दाजीही डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

त्या पहिल्या पिढीतल्या डॉक्टरांची जडणघडण लक्षात घेतली पाहिजे. त्यांना युरोपीय शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रिया शिकवली गेली होती, प्रेत चिरण्याची भीती त्यांनी घालवली होती, आणि घरात, बाजारात, गावी त्यांच्याभोवती वैद्य, हकीम, जडीबुटीवाले यांचे जुने ज्ञान पसरलेले होते. बहुतेकांनी ते ज्ञान बाजूला सारले. भाऊ दाजींनी ते तपासायला घेतले. १८६२च्या महाराज लायबल खटल्यात एका बड्या धर्मगुरूच्या रोगाविषयी न्यायालयात निर्भयपणे वैद्यकीय साक्ष देणारा हा माणूस होता. पुरावा मागण्याची सवय त्यांना होती आणि संस्कृत ग्रंथ मुळातून वाचण्याची तयारीही. कडू कवठाचे तेल त्यांच्या हाती पडले ते अशा मनाच्या डॉक्टरच्या हाती.

त्या काळात हा रोग म्हणजे घरातून बाहेर काढले जाण्याची शिक्षा होती. बोटे झडलेली, पाय व्रणांनी भरलेली माणसे मुंबईच्या देवळांपाशी आणि धर्मशाळांच्या पायऱ्यांवर बसलेली दिसत. सरकारी डॉक्टरांकडे त्यांच्यासाठी जवळजवळ काही नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजातच हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचे प्राध्यापक होते. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे त्यांनीच काढली होती. मुंबईत त्यांनी कुष्ठरोगाचा ध्यास घेतला, रोग्यांच्या मज्जातंतूंतले बदल तपासले आणि १८७३मध्ये ते थेट नॉर्वेला गेले. बर्गेन शहरात त्याच वर्षी गेरहार्ड आर्मौअर हॅन्सेन यांनी रोग्यांच्या गाठींमध्ये काडीसारखे सूक्ष्म जंतू पाहिले होते. म्हणजे भाऊ दाजी शेवटच्या आजारात असताना, ज्या शत्रूवर ते तेलाचा मारा करत होते तो शत्रू पहिल्यांदा माणसाच्या डोळ्याला दिसला. रोग रक्तातून वारशाने येतो की हवेपाण्यातून, यावर तोवर वाद चालू होता. जंतू दिसल्यावर प्रश्नच बदलला. आता कोणत्याही औषधाला विचारायचे होते ते एवढेच: तू या जंतूला मारतोस का?

पण औषध नेमके कोणते, याचा गोंधळ आधीच सुरू झाला होता आणि तो कलकत्त्यात सुरू झाला होता. तिथल्या मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक फ्रेडरिक जॉन मोआट यांनी १८५४मध्ये चालमुगरा नावाच्या बियांविषयी लेख लिहिला. बंगाल आणि ब्रह्मदेशाच्या बाजूने येणाऱ्या या बियांचे तेल रोग्यांना देऊन त्यांना गुण दिसला होता. पाश्चात्त्य वैद्यकात या तेलाचा प्रवेश झाला तो या लेखाने. बिया कोणत्या झाडाच्या, तर ‘गायनोकार्डिया ओडोराटा’ या झाडाच्या, असे तेव्हाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सांगितले आणि सगळ्यांनी ते मानले. १८६८च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त तेच नाव गेले. युरोपातल्या औषधी कोठारांत त्याच नावाने पिंपे उतरू लागली.

नाव चुकीचे होते. बाजारात येणाऱ्या खऱ्या चालमुगरा बिया दुसऱ्याच झाडाच्या होत्या, ‘टॅरॅक्टोजेनस कुर्झाय’ या ब्रह्मदेश आणि आसामकडच्या झाडाच्या. नावाच्या मागे लागून कोणी खरेच गायनोकार्डियाच्या बिया आणून तेल काढले, तर त्याच्या हाती साधे तेल येई, ज्याचा या रोगाशी संबंध नव्हता. काही रोग्यांना गुण येई, काहींना काहीच होत नसे, आणि डॉक्टर रोग्याच्या प्रकृतीला दोष देत बसत. कलकत्त्याच्या वनस्पति उद्यानाचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी १९०१मध्ये हा गुंता सोडवेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे गेली होती.

या सगळ्या काळात मुंबईत योग्य झाड वापरले जात होते. भाऊ दाजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या कडू कवठाचे नाव पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींवर लिहिणाऱ्यांपर्यंत पोचले. मुंबईत सरकारी औषध भांडाराचे काम पाहणारे विल्यम डायमॉक यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८९०पासून ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ प्रसिद्ध केली, तिच्यात या झाडाला आणि कोकणातल्या त्याच्या वापराला जागा मिळाली. पण जगाचे लक्ष चालमुगऱ्याकडे होते. पश्चिम किनाऱ्यावरचे हे झाड त्याचा गरीब भाऊबंद समजले गेले.

भाऊ दाजींनी वृत्तांत का छापला नाही, याबद्दल त्यांच्यावर ठपका ठेवणे सोपे आहे. आपल्याकडच्या वैद्यकीत औषध गुप्त ठेवण्याची रीत जुनीच होती. पण ज्या कॉलेजात ते शिकले तिथला पहिला धडाच हा होता की औषधाचे नाव, मात्रा आणि परिणाम सर्वांसमोर मांडावे आणि दुसऱ्याला ते पडताळू द्यावे. शिलालेखांच्या बाबतीत भाऊ दाजींनी हा धडा कसोशीने पाळला, आपली वाचने रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापली आणि टीकेला सामोरे गेले. तेलाच्या बाबतीत मात्र ते घडले नाही. मला त्याची खंत वाटते, कारण त्यांच्याकडे रोगी होते, योग्य झाड होते, संस्कृत परंपरा होती आणि तपासण्याची बुद्धीही होती. हे चार दुवे एका माणसात जुळणे पुढे फार काळ झाले नाही.

मुंबईने रोग्यांसाठी काही केले ते १८९०मध्ये. माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले गेले आणि त्यामागे होते महापालिकेचे आयुक्त हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून छापणारे तेच हे अ‍ॅकवर्थ. शाहिरांच्या तोंडचा इतिहास वाचवणाऱ्या माणसाचे नाव आजही वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाला आहे.

तेलाच्या अभ्यासातले पुढचे पाऊल लंडनमध्ये पडले. वेलकम रसायन संशोधन प्रयोगशाळेत फ्रेडरिक बेल्डिंग पॉवर हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ काम करत. १९०४मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने खऱ्या चालमुगरा तेलातून एक नवे स्निग्धाम्ल वेगळे केले, चालमुग्रिक आम्ल. सर्वसाधारण तेलातली स्निग्धाम्ले म्हणजे कार्बनच्या लांब, सरळ साखळ्या. या आम्लाच्या साखळीच्या टोकाला मात्र पाच कार्बनचे कडे होते, जणू दोरीच्या टोकाला अडकवलेली अंगठी. खाण्याच्या कोणत्याही तेलात असे काही सापडत नाही. १९०५मध्ये त्याच प्रयोगशाळेने आपल्या कडू कवठाचे तेल तपासले आणि त्यात तेच कडे सापडले. हेच चालमुग्रिक आम्ल, आणि त्याहून अधिक प्रमाणात त्याचा आखूड भाऊ, हिडनोकार्पिक आम्ल. त्याच वर्षी गायनोकार्डियाच्या बियाही तपासल्या गेल्या आणि त्यांत यांपैकी काहीच निघाले नाही. बाजारात ज्या नावाने औषध विकले जात होते ते नाव पोकळ होते, आणि कोकणातली कवटी अस्सल.

या कड्यामुळे आणखी एक सोय झाली. ही आम्ले प्रकाशाच्या ध्रुवित किरणाला उजवीकडे वळवतात, तीही ठळकपणे. बहुतेक खाद्यतेले हे जवळजवळ करत नाहीत. म्हणून बाजारातल्या तेलात शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल मिसळले आहे का, हे एका नळीतून प्रकाश पाठवून कळू लागले. किरण किती वळला यावरून तेलाचा कस ठरवता आला. भेसळ पकडण्याचे असे साधन त्या काळी फार थोड्या औषधी तेलांच्या वाट्याला आले होते.

इथे थोडे थांबून आपल्याकडच्या इतर कडू तेलांकडे पाहायला हवे, कारण लोकांच्या नजरेत ही सगळी एकाच कुळातली होती. बंगळूरच्या दक्षिणेला आनेकल तालुक्यात आणि बन्नेरघट्ट्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी होंगे म्हणजे आपले करंज जागोजागी उभे असते. तिथला शेतकरी त्याचे तेल दिव्याला आणि खरजेला वापरत आला, पेंड शेताला. कडुलिंबाचे तेलही तसेच, डोक्यापासून पायापर्यंत. ही तेले त्वचेवरच्या कीटकांवर आणि बुरशीवर खरोखर काम करतात, पण वेगळ्या द्रव्यांमुळे. पुण्याच्या रानडे औद्योगिक व आर्थिक संस्थेत द. बा. लिमये यांनी १९२०च्या दशकात करंजाच्या तेलातून स्फटिकरूप करंजीन वेगळे केले. ते स्निग्धाम्लच नव्हे, फ्लेव्होन जातीचे द्रव्य आहे आणि तेलात विरघळून राहते. करंजाचे तेल धुऊन, गाळून शुद्ध केले तर करंजीन बाहेर जाते आणि तेल निरुपद्रवी तसेच निरुपयोगी होते. कडू कवठाचे तसे नाही. त्याच्या बाबतीत औषध तेलात मिसळलेले नसते. तेलच औषध असते. खायच्या तेलासारखे कितीही निर्मळ केले तरी कडे जागच्या जागी राहते. बंगळूरला टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत जे. जे. सडबरो आणि त्यांचे विद्यार्थी याच सुमारास देशी तेलांची एकेक करून मोजदाद करत होते. आपल्या रानातल्या बियांना प्रयोगशाळेत मान मिळू लागला तो असा.

तरी रोग्याच्या अंगात हे तेल पोचवायचे कसे, हा पेच राहिलाच. तोंडाने घेतले की मळमळ, उलटी, जुलाब. दिवसाला थेंबाथेंबाने वाढवत नेले तरी बहुतेक रोगी काही आठवड्यांत ते सोडून देत. सुश्रुताने या तेलाला वमन-विरेचनाच्या विधीत बसवले त्यामागे हेच कारण असावे, असा माझा तर्क आहे. १८९४मध्ये कैरोत टॉर्टुलिस बे या डॉक्टरांनी एका रोग्याला ते कातडीखाली टोचून दिले आणि पुढची काही वर्षे शेकडो वेळा टोचत राहिले. रोगी सुधारला. पण दाट तेल मांसात टोचले की तिथे गाठ धरे, पिकत असे आणि वेदना असह्य होत. फिलिपाइन्समध्ये व्हिक्टर हायझर आणि एलिओडोरो मर्काडो यांनी तेलात कापराचे तेल आणि रिसॉर्सिन मिसळून ते थोडे सुसह्य केले.

हवाईत १९१५-१६मध्ये एका तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीने यावर उपाय शोधला. अ‍ॅलिस बॉल हवाई कॉलेजातून पदव्युत्तर पदवी घेणारी पहिली स्त्री. कालीही रुग्णालयाचे डॉ. हॅरी हॉलमन यांच्या विनंतीवरून तिने तेलातली स्निग्धाम्ले वेगळी करून त्यांचे इथाइल एस्टर बनवले. ते पातळ होते आणि शरीरात सहज मुरत. १९१६च्या अखेरीस ती वारली तेव्हा तिचे काम छापलेले नव्हते. कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी ते पुढे नेले आणि छापले, पण तिचे नाव न घेता. १९२२मध्ये हॉलमन यांनी ‘बॉल पद्धत’ असे स्पष्ट लिहिले म्हणून आपल्याला ती माहीत आहे. त्या उपचाराने बरे वाटून ७८ रोगी कालीहीतून घरी सोडले गेले. मुंबईत एकाचा वृत्तांत छापलाच गेला नाही, हवाईत दुसरीचा तिच्या नावाशिवाय छापला गेला.

हिंदुस्थानात हे काम कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत लिओनर्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनी उचलले. रॉजर्स यांनी आम्लांचे सोडियम क्षार बनवले, जे पाण्यात विरघळत. म्यूर यांनी एस्टरमध्ये क्रिओसोट, कापूर आणि ऑलिव्ह तेल मिसळले. पण या दोघांच्या प्रयोगांतून निघालेला मोठा निष्कर्ष वेगळाच होता. ब्रह्मदेशातून महागडे चालमुगरा तेल आणण्याची गरज नाही, पश्चिम घाटातल्या कडू कवठाचे तेल तितकेच गुणकारी आणि स्वस्त आहे. अमेरिकन सरकारने वनस्पतिसंशोधक जोसेफ रॉक यांना १९२०मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात त्या झाडाच्या बिया शोधायला पाठवले होते, हवाईत हजारो रोपे लावली होती. आणि इकडे मलबार, कोचीन, कारवार, कोकण या पट्ट्यातल्या ओढ्यांकाठी तेच औषध पावसाच्या तोंडाशी गळून पडत होते.

आता तेलाच्या टिकाऊपणाचा प्रश्न ऐरणीवर आला. सह्याद्रीत फळे पिकतात ती जून-जुलैच्या सुमारास, म्हणजे सर्वांत दमट दिवसांत. पडलेली फळे चिखलात राहिली, बियांना बुरशी लागली, की बीमधलेच एक विकर तेलाला फोडू लागते. तेलातून सुटी आम्ले निघतात आणि त्यांचे प्रमाण दिवसेंदिवस वाढते. अशा तेलाला खवट वास येतो, घसा जळतो आणि ते टोचले तर गळू होते. डॉक्टर वर्षानुवर्षे ज्याला चालमुगऱ्याचा दुष्परिणाम म्हणत होते त्यातला बराचसा भाग शिळ्या बियांचा आणि ओल्या तेलाचा होता. म्यूर आणि त्यांच्यानंतरचे रॉबर्ट कॉक्रेन यांनी एकच आग्रह धरला: ताज्या, पुऱ्या पिकलेल्या बिया निवडा, लगेच सुकवा, तापवल्याशिवाय दाबून तेल काढा, त्यातला पाण्याचा अंश काढून टाका, सुटी आम्ले किती आहेत ते मोजा, निर्जंतुक करून गडद बाटल्यांत तोंडापर्यंत भरा म्हणजे हवेला जागा उरणार नाही. असे तेल एस्टरमध्ये न बदलता, चार टक्के क्रिओसोट घालून सरळ टोचले तरी रोगी सहन करू लागले. महागडे रसायन बनवण्याऐवजी बी नीट सुकवले की अर्धे काम होत होते. एस्टर तर ठेवल्याने बिघडत, त्यात आयोडीन घालून त्यांची झोंबणी कमी करावी लागे. पावसाळी गोदामातून आलेले पोते आणि डॉक्टरची पिचकारी यांच्यामधली ही साखळी सांभाळणारे कामगार, बी निवडणाऱ्या बायका, घाणेवाले यांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत. औषधाचा गुण मात्र त्यांच्याच हातात होता.

जंतूवर हे आम्ल काय करते, याचे उत्तर हळूहळू मिळाले. १९२०मध्ये वॉकर आणि स्वीनी या अमेरिकन संशोधकांनी दाखवले की चालमुगरा जातीची आम्ले क्षय आणि कुष्ठ यांसारख्या आम्लरोधी जंतूंनाच रोखतात, इतर जंतूंवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. या जंतूंच्या अंगावर मेणचट स्निग्ध पदार्थांचे जाड कवच असते. ते स्निग्धाम्ले खातात आणि त्यांतून आपले कवच घडवतात. नंतरच्या प्रयोगांत असे दिसले की ते ही कड्याची आम्लेही आत घेतात, आणि ती त्यांच्या स्निग्ध घटकांत जाऊन बसतात. हिडनोकार्पिक आम्ल जंतूंच्या बायोटीन या जीवनसत्त्वाच्या वापरात अडथळा आणते, असेही मांडले गेले. कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, हा मोठा अडसर होता. १९६०मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात तो वाढवण्याची युक्ती शोधली, आणि १९७५मध्ये लुईस लेव्ही यांनी त्याच पद्धतीने तपासून दाखवले की चालमुगरा आम्ले त्या जंतूची वाढ खरोखर रोखतात. तोवर रोग्यांना हे तेल देणे बंद होऊन बरीच वर्षे झाली होती.

कारण मध्येच डॅप्सोन आले होते. १९४१मध्ये अमेरिकेतल्या कार्व्हिल इथे गाय फॅजे यांनी प्रोमिन हे सल्फोन कुळातले औषध शिरेतून द्यायला सुरुवात केली. १९४६-४७च्या सुमारास कॉक्रेन यांनी मद्रासजवळच्या चिंगलपुट इथे मूळ सल्फोन, म्हणजे डॅप्सोन, देऊन पाहिले. ते अल्प किमतीचे, टिकाऊ आणि गोळीच्या रूपात देता येणारे होते. ज्या कॉक्रेन यांनी शुद्ध तेलासाठी इतका आग्रह धरला होता त्यांच्याच हातून तेलाचे दिवस संपत आले. तेलाने खरोखर किती रोगी बरे झाले, यावर तज्ज्ञांत एकमत कधीच झाले नाही. रोग लवकर ओळखला, तेल ताजे असले आणि वर्षानुवर्षे टोचून घेतले तर चट्टे विरत, संवेदना परतत. रोग पुढे गेलेला असला तर तो पुन्हा उलटे. जंतू रोखणे आणि जंतू संपवणे यांतला फरक तेलाला भरून काढता आला नाही.

महाराष्ट्रात कुष्ठसेवेचा जो मोठा अध्याय सुरू झाला तो याच सांध्यावर. मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६मध्ये कुष्ठधाम उभे केले, तेव्हा देशभरच्या कुष्ठरुग्णालयांतले मुख्य औषध हेच तेल होते. १९३९मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले आणि गांधीजी रोज स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा करू लागले, तेही तेलाचेच दिवस होते. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६मध्ये तपोवन सुरू केले तोवर नव्या औषधाची बातमी वाऱ्यावर होती. १९४९-५०मध्ये बाबा आमटे कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घ्यायला गेले ते त्याच कलकत्त्याच्या संस्थेत, जिथे रॉजर्स आणि म्यूर यांनी कडू कवठाच्या तेलावर आपली वर्षे घालवली होती. १९५१मध्ये ते वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन उतरले तेव्हा रोग्याच्या हातावर गोळी ठेवता येत होती.